पापातील गोडी आणि देवातील गोडी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्याच्या पहिल्या दिवशी झालेले भाषण)



चिटणिसांनी आम्हास जो विषय नेमून दिला, तो 'पापापासून निवृत्ती' असा होता. आम्ही त्यांच्या अनुमतीने त्यात थोडा पालट केला आहे. निवृत्ती या शब्दाने केवळ सोडणे सुचते. आणि माणूस काही मिळाल्यावाचून काही सोडीत नाही, हा आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य आशय आहे. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे व्यसनाविषयीचा जो ठराव यावयाचा आहे, त्याच्याशी या विषयाचा संबंध किती निकटचा आहे, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावयास हवी. कीर्तन-प्रवचनांतून आपण वारंवार ऐकतो की पाप कडू आहे, विषासारखे आहे. हे पूर्ण खरे नव्हे. पापाचे फळ कडू असेल. पण पाप गोड असते. ते गोड नसते तर संध्याकाळ झाली की चांगल्या घरचा, चांगल्या नोकरीतला गृहस्थ वाट वाकडी करून गुत्त्याकडे कशाला वळला असता? शेजाऱ्याच्या मुलीविषयी चार बऱ्यावाईट गोष्टी बोलताना आपला आवाज आपोआप हळू आणि रसाळ कशाला झाला असता? जो उपदेशक ही गोडी नाकारतो, त्याच्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण ऐकणाऱ्याने ती चाखलेली असते. तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पूर्ववत वागतो.

भगवद्गीतेने ही गोडी नाकारलेली नाही. दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठावा श्लोक आपणांपैकी अनेकांच्या पाठात असेल. त्याचा भावार्थ असा, की जो इंद्रियांना उपाशी ठेवतो त्याच्यापासून विषय दूर होतात खरे, पण विषयांची रुची त्याच्यापाशी उरतेच. ती रुची मात्र परतत्त्वाचे दर्शन झाले म्हणजेच मावळते. येथे गीतेने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : वस्तू निराळी आणि वस्तूची गोडी निराळी. वस्तू बळाने दूर करता येते. गोडी तशी बळाने काढता येत नाही.

या श्लोकावर श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशास जे भाष्य केले, त्यातील दृष्टांत शेतकऱ्याच्या घरातला आहे. वरवरची पालवी खुडावी आणि मुळाशी मात्र पाणी घालीत राहावे, तर झाड मरेल कसे? ते त्या पाण्याच्या बळावर उलट अधिकच आडवे पसरते. मनात मुरलेल्या रुचीचे तसेच आहे. महाराज आणखी एक बारीक गोष्ट सांगतात. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात, इतर इंद्रियांचे विषय निग्रहाने तोडता येतात; परंतु रसनेचा निग्रह हटाने होत नाही, कारण तिच्यावाचून जगणेच शक्य नाही. आम्हास वाटते, या एका निरीक्षणात पुष्कळ मानसशास्त्र आहे. जिवाला चव लागतेच. ती कशाची लावावयाची, एवढाच आपल्या हातातला प्रश्न आहे.

परधर्मातील एका थोर पुरुषाचे उदाहरण येथे दिले तर मंडळींनी राग मानू नये. उत्तर आफ्रिकेत इसवी सन ३५४ मध्ये जन्मलेले ऑगस्टीन हे पुढे ख्रिस्ती धर्मातील महान आचार्य झाले. चौथे शतक सरत असताना त्यांनी आपल्या पूर्वायुष्याचा जबाब देवापुढे लिहून ठेवला. त्यात सोळाव्या वर्षी केलेली एक क्षुल्लक चोरी आहे. मित्रांच्या टोळक्यासह त्यांनी रात्री एका झाडाची नासपतीची फळे झोडून नेली. फळे रूपाने चांगली नव्हती, चवीने नव्हती. घरी याहून उत्तम फळे होती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. बिशपच्या पीठावर बसलेला प्रौढ विद्वान या पोरकटपणाकडे पानेच्या पाने परत परत पाहतो. त्याला छळणारा प्रश्न हा, की फळात गोडी नव्हती तर गोडी होती तरी कशात? त्याला आढळते की ती सोबत्यांच्या संगतीत होती, आणि कोणाचे बंधन आपल्यावर नाही या खोट्या स्वामित्वाच्या भासात होती. म्हणजे जे माणसाला देवापाशी खरेपणाने मिळावयाचे, त्याची भ्रष्ट नक्कल तो पापात शोधीत होता. याच ऑगस्टीननी तरुणपणी देवाकडे संयमाचे दान मागितले, पण ते इतक्यातच नको, असेही सांगून ठेवले. स्वतःविषयी इतके खरे बोलणारा साधू कोणत्याही धर्मातला असो, त्याच्यापुढे हात जोडावेत.

हे सूत्र हाती धरून आपल्या ओळखीच्या पापांकडे पाहावे. दारू पिणाऱ्यास दारूची चव क्वचितच आवडते. त्याला हवा असतो थोडा विसर, थोडी ऊब, आणि कोणी उणेदुणे न काढता आपल्याशेजारी बसावे एवढी सोबत. जुगाऱ्यास पैसा हवा असतो असे आपण म्हणतो. पण जिंकलेला पैसा तो घरी आणीत नाही, पुन्हा लावतो. त्याला उद्याची आशा हवी असते. पूर्वी ही आशा मटक्याच्या आकड्यात होती, आज ती तरुणांच्या खिशातील फोनमध्ये आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, तरी आशेची ती भूक कायद्याने भागत नाही. लग्नात ऐपतीबाहेर मांडव घालणाऱ्यास मान हवा असतो. विसावा, सोबत, आशा, मान! यांतील एकही मागणी मुळात पापी नाही, सगळ्या माणसाच्या रास्त मागण्या आहेत. चुकले आहे ते दुकान.

अमेरिकेत ओहायओ संस्थानात १९३५ मध्ये दोन मद्यासक्त गृहस्थांनी एकमेकांच्या आधाराने मद्य सोडले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ निघाली. तिचे गट आज महाराष्ट्रातही चालतात, मराठीतून चालतात. तिच्या संस्थापकांपैकी एकास स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी आपल्या मृत्यूच्या वर्षी, जानेवारी १९६१ मध्ये, एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपल्या एका जुन्या रुग्णाविषयी असे मत दिले, की त्याची दारूची तहान ही खालच्या पातळीवर पूर्णत्वाचीच तहान होती, आणि जुन्या भाषेत तिलाच देवाशी एकरूप होण्याची तहान म्हटले असते. युंग हे काही आपले हरदास नव्हेत. त्यांना हे रुग्ण तपासताना दिसले. या चळवळीच्या सभासदाला आपणाहून श्रेष्ठ अशा शक्तीवर भार टाकावयास सांगतात आणि त्या शक्तीचे नाव व रूप त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. तो प्रथम बसतो कोठे? तर ज्यांनी तेच दुःख भोगले आहे, अशा माणसांत.

आता आपण ज्ञाति म्हणून आजवर काय केले ते पाहू. बहुतेक ज्ञातींच्या पंचायतींनी पापावर एकच औषध योजले होते : दंड, आणि दंड न भरल्यास वाळीत टाकणे. कित्येक ठिकाणी त्या दंडाच्या पैशातून पंचांसह सर्वांचे जेवण होई आणि त्या जेवणात दारूही असे. (हसू येते, पण हे आपल्याच पणजोबांच्या पिढीतले आहे.) पाप एकाच्या घरून उचलावे आणि सर्वांच्या पानात वाढावे, असा तो न्याय होता.

वाळीत टाकण्याचे टोक कोणते, हे महाराष्ट्राला ज्ञानेश्वरांच्याच घरातून कळले. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. एवढ्या अपराधासाठी आळंदीच्या ज्ञातीने त्या कुटुंबास बाहेर ठेवले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार लेकरे संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेली. परंपरा सांगते की आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले, आणि मुलांना समाजात घेतील या आशेने त्या दोघांनी जलसमाधी घेतली. तरीही शुद्धिपत्रासाठी मुलांना पैठणची वाट धरावी लागली. मुळाशी पाणी आणि वर छाटणी, हा दृष्टांत ज्याने रचला तो अशा घरातला मुलगा होता. छाटणी म्हणजे काय हे त्याला पोथीतून शिकावे लागले नव्हते. तरी त्याच्या ग्रंथात सूडाचा शब्द नाही, आणि ग्रंथाच्या शेवटी त्याने दुर्जनांसाठी मागितले ते त्यांचा दुष्टपणा जावा एवढेच. त्यांना शासन व्हावे असे मागितले नाही. आमच्या मते हे केवळ क्षमेचे औदार्य नव्हते. गोडी पालटते हे त्याला ठाऊक होते.

श्रीगाडगेमहाराजांचे चरित्र तर आपणांस अधिक जवळचे. १८७६ मध्ये अमरावतीकडील शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायी वारले आणि आईला पोर घेऊन माहेरचा आसरा करावा लागला. पुढे डेबूजींच्या घरी मुलगी झाली. बारशाला ज्ञातीला दारू आणि मटण घालावयाचे, हा रिवाज होता. तो मोडणे म्हणजे ज्ञातीचा अपमान. डेबूजींनी रिवाज मोडला, पण कसा मोडला हे लक्षात घ्यावे. त्यांनी जेवणच रद्द करून लोकांना उपदेश पाजला नाही. त्यांनी सर्वांना बोलावून गोडाचे जेवण घातले. पंगत तीच, आग्रह तोच. फक्त पान बदलले. १९०५ मध्ये घर सोडून १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी खराट्याने गावे झाडली आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडली. तेथेही रीत हीच होती. श्रोत्यांना प्रश्न विचारावयाचे, हसवावयाचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे आणि मग सर्वांना नामाच्या गजरात ओढावयाचे. जो आनंद त्या माणसांनी गुत्त्यात शोधला असता, तो त्यांना मोकळ्या मैदानात, फुकट आणि बायकामुलांसमवेत मिळे.

येथे आम्हास दारू न पिणाऱ्या सभ्य मंडळींकडेही वळले पाहिजे, कारण सभागृहात बहुसंख्या त्यांचीच आहे. काही गोड्या अशा आहेत की त्यांचा वास तोंडाला येत नाही. त्यांतील एक म्हणजे आपले कोणाकडे तरी 'येणे' असल्याची गोडी. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळात गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. अशा वेळी वडिलोपार्जित कर्जखते हाच काय तो आधार म्हणता आला असता. महिपतींनी सांगितलेली कथा अशी, की तुकोबांनी त्या खतांचे दोन वाटे केले. भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांना दिला, कारण दुसऱ्याच्या हक्काचे दान आपण करावयाचे नसते. आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. आम्हास ही कथा वैराग्याची म्हणून शिकविली गेली. वयपरत्वे ती आम्हास निराळी दिसू लागली. खतावर केवळ रुपये लिहिलेले नसतात. अमका माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहील, हे सुखही लिहिलेले असते. तुकोबांनी बुडविले ते हे सुख. भावकीतील वाद वर्षानुवर्षे कोर्टात का चालतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या सुखाची किंमत ठाऊक आहे. दोन गुंठ्यांसाठी दोन एकरांचे पैसे वकिलास देणारा माणूस जमिनीच्या लोभाने लढत नसतो.

हे सुख पाण्यात सोडण्याचे बळ आणावयाचे कोठून? 'देव मला पाहतो आहे' या भीतीने ते येत नाही. भीतीने हात आवरतो, जीभ आतून वळवळत राहते. नवसाने तर मुळीच येत नाही. नवस हा सौदा आहे आणि सौद्यात आपले लक्ष मालावर असते, दुकानदारावर नसते. ते बळ देवाच्या सहवासाची चव लागूनच येते, आणि ही चव प्रथम लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते. पेज पुढे आली की तो तोंड फिरवितो आणि लोणचे मागतो. जाणती बाई त्याच्याशी वाद घालीत नाही. ती पेज थोडी थोडी, वेळच्या वेळी देत राहते, आणि एके दिवशी तोच म्हणतो की आज पेज बरी लागली. नामस्मरणाचे, भजनाचे, पोथीच्या वाचनाचे असेच आहे. पहिले काही महिने ते कोरडे जाते. त्या कोरडेपणात पुष्कळजण परत फिरतात, आणि 'आम्ही करून पाहिले, काही होत नाही' असे सांगत फिरतात.

आळंदीहून पंढरीस सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यास विचारून पाहावे. दिवसा ऊन, रात्री पाऊस, पायाला फोड. मिळेल ते पिठले-भाकर खावयाचे आणि गळ्यात माळ घातल्यामुळे मद्यमांस वर्ज्य. त्याचा चेहरा मात्र काही सोडल्याचा चेहरा नसतो, काही मिळाल्याचा असतो. त्याला विसावा मिळतो, आणि दिंडीत सोबतीला तर तोटाच नाही. मानाचे म्हणाल तर तेथे लहान मूलही वयोवृद्धाच्या आणि वृद्धही मुलाच्या पाया पडतो. मान इतका वाटला जातो की मिळविण्यासाठी भांडावे लागत नाही. मघाशी ज्या मागण्या आम्ही सांगितल्या, त्या सर्व येथे भागतात. आणि यासाठी संसार टाकावा लागत नाही. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनारांनी ऐरण सोडली नाही, सेनामहाराजांनी धोकटी सोडली नाही. प्रत्येकाला आपल्या ज्ञातीच्या धंद्यातच देवाची चव सापडली, ही आपणांसारख्या ज्ञातिसंस्थेस विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दोन गोष्टींचा खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. पहिली, दारूचे अतिव्यसन हा रोगही आहे. दीर्घकाळ पुष्कळ पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. अशास प्रथम डॉक्टराकडे न्यावे, मग भजनास आणावे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र या कामास वाहिलेले आहे. देवाने वैद्य दिला आहे तो वापरावा म्हणूनच. दुसरी गोष्ट भगिनींसाठी. नवऱ्याच्या व्यसनाचा मार खाणाऱ्या बाईस 'तू देवाचे नाव घे आणि सोस' असा उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. देवातील तृप्ती ही दुसऱ्याच्या पापावरचे पांघरूण नव्हे. तिला आसरा आणि कायद्याचे साह्य मिळवून देणे हे प्रथम मंडळाचे काम आहे.

आता उद्याचा ठराव. त्याच्या पहिल्या कलमात व्यसनाचा धिक्कार आहे. त्यास आमची संमती आहे. दुसऱ्या कलमात व्यसनी सभासदाचे नाव पटावरून कमी करावे आणि त्याच्या घरच्या कार्यास कोणी जाऊ नये, असे सुचविले आहे. हे कलम मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, त्यांच्यातील काहींनी आपल्या घरात या व्यसनाची झळ सोसली आहे, हे आम्ही जाणतो. तथापि सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. तसा कायदा राज्याने २०१६ मध्ये केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही अशी आहे. कायदा नसता तरी आम्ही या कलमास विरोधच केला असता. ज्या माणसास सोबतीची तहान आहे त्याची उरलीसुरली सोबत काढून घेतली तर तो जाणार कोठे? गुत्त्याचे दार तर रात्रभर उघडे असते.

म्हणून दुसरे कलम गाळून त्याजागी पुढील मजकूर घालावा, अशी उपसूचना आम्ही अध्यक्षांकडे लेखी दिली आहे : मंडळाचे सभागृह दर गुरुवारी सायंकाळी सात ते दहा, म्हणजे नेमक्या त्या वेळात, भजनासाठी आणि बसण्याबोलण्यासाठी उघडे ठेवावे. येणाऱ्याची विचारपूस करावी, चौकशी करू नये. वर्गणी नसावी. चहा असावा. ज्यांनी व्यसन सोडले आहे अशा तिघा ज्ञातिबांधवांनी पाळीपाळीने हजर राहण्याचे कबूल केले आहे. त्यांची नावे त्यांच्या इच्छेवरून येथे घेत नाही.

आरंभ येत्या एकादशीच्या आदल्या गुरुवारी करता येईल. कपाटात टाळांचे अठरा जोड आहेत. पखवाजाची शाई मात्र उडाली आहे. ती भरून आणण्यासाठी पखवाज कोणी नेणार असेल, त्याने किल्ली चिटणिसांकडून आजच घ्यावी.